ऊतकनिदानातील मतभेद

शरीरातून काढलेला एकच तुकडा तपासून दोन विकृतिशास्त्रज्ञांनी (पॅथॉलॉजिस्ट) वेगवेगळी निदाने देणे, यास ऊतकनिदानातील मतभेद म्हणतात. त्यामागे निष्काळजीपणाच असतो हा समज चुकीचा आहे. पेशींतील बिघाड सलग वाढत जातो, अहवालात मात्र त्याला सौम्य, मध्यम, तीव्र अशा ठरावीक पायऱ्यांपैकी एकीवर बसवावे लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ११५ विकृतिशास्त्रज्ञांनी स्तनाच्या बायोप्सी तपासल्या, तेव्हा पसरलेल्या कर्करोगाबाबत त्यांचे निदान तज्ज्ञमंडळाच्या निदानाशी ९६ टक्के जुळले, तर सीमेवरच्या, केवळ असामान्य पेशी असलेल्या नमुन्यांत जेमतेम ४८ टक्के.

खानदेशात हा प्रश्न तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांच्या गालातील पांढऱ्या चट्ट्याबाबत विशेष जाणवतो. गालाच्या आतील अस्तराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापुरताच बिघाड असेल तर तो सौम्य, वर चढत गेला तर मध्यम किंवा तीव्र मानतात. परंतु छेद, म्हणजे तपासणीसाठी तुकड्यातून कापलेला पातळ काप, तिरका गेला की तळाचा थर आहे त्यापेक्षा जाड दिसतो, आणि जखमेच्या दाहामुळेही पेशी कर्करोगपूर्व असल्यासारख्या भासतात. छेद ठेवलेल्या अशा काचपट्टीवर दोन अनुभवी डोळ्यांचे एकमत न होणे स्वाभाविक आहे.

मतभेदाचे बीज पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाआधीच पडते. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रावणामध्ये, तोही पुरेशा प्रमाणात, बुडवावा लागतो; मीठपाण्यात ठेवून धडगाव-अक्कलकुव्याहून धुळ्याला पाठवला, तर उन्हाळ्यात वाटेतच पेशी विरघळू लागतात. पुढे तुकडा मेणात बसवून त्या ठोकळ्यातून ३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा छेद घेतात; गाठीचा नेमका भाग त्यात न आल्यास दुसऱ्या छेदावरचे निदान निराळे येते. रुग्णाची माहिती अपुरी असणे हेही मोठे कारण आहे. मोडलेले हाड भरून येताना तयार होणारी नवी ऊती हाडाच्या कर्करोगासारखी दिसू शकते, म्हणून एक्स-रे न पाहता असे निदान देणे धोक्याचे ठरते.

शंका असल्यास ठोकळ्याचे अधिक खोल छेद घेतात किंवा प्रतिपिंडांवर (अँटीबॉडी) आधारित विशेष रंजन, म्हणजे पेशींना रंग देण्याची पद्धत, वापरतात. अर्थात फॉर्मॅलिनमध्ये नीट न मुरलेल्या तुकड्यावर हे रंजनही फसते. दुसऱ्या मतासाठी नातेवाईक जळगाव-भुसावळहून काचपट्ट्या घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात, तेव्हा सोबत मेणाचा मूळ ठोकळा, पहिला अहवाल आणि एक्स-रे असणे आवश्यक असते.