आजीचा गुडघा आणि दंगलीचं क्रियापद

आमची नौपाड्यातली इमारत जुनी, तीन मजले आणि लिफ्ट नाही. आईचा गुडघा गेली काही वर्षं कुरकुरतोय. परवा डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली इंग्रजीत एक ओळ लिहून दिली : हॉट फोमेंटेशन, दिवसातून दोनदा. बारावीतली भाची चिठ्ठी वाचून थबकलीच. शब्दसंग्रहाच्या पुस्तकातून तिने नुकतंच पाठ केलं होतं, की फोमेंट म्हणजे बंड, दंगल, असंतोष भडकवणं. ‘मावशी, डॉक्टर आजीला काय करायला सांगतायत?’

तिचा अर्थ बरोबर होता आणि डॉक्टरांचाही, म्हणजे गरम शेक. फक्त डॉक्टरांचा जुना. लॅटिनमध्ये ‘फोव्हेरे’ म्हणजे ऊब देणं, जपणं. कोंबडी अंडी उबवते त्यालाही हेच क्रियापद. त्यापासून ‘फोमेंटुम’, म्हणजे दुखऱ्या जागी ठेवायचा गरम लेप किंवा फडकं. फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला तो वैद्यांच्या बोटाला धरून. माणसं भडकवण्याचा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का चिकटला. आज इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेकांना शेकाचा अर्थ आठवतही नसेल, आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर मात्र तो ठणठणीत आहे.

जपण्यापासून भडकवण्यापर्यंत शब्द घसरला कसा? ऊब दिली की गोष्ट वाढते. अंडं वाढतं, तसं वैरही. मराठीत याला चपखल जोड आहे : खतपाणी घालणं. शेतात ते पुण्याचं काम, पण भांडणाला खतपाणी घातलं म्हटलं की लगेच भुवया उंचावतात. कोशातल्या ‘चिथावणे’पेक्षा मला हा प्रतिशब्द जास्त पटतो. चिथावणी एका क्षणाची असू शकते, फोमेंटमध्ये हळूहळू धग देत राहणं आहे.

आणखी एक गंमत. भाषातज्ज्ञ ‘फोव्हेरे’चं मूळ ज्या प्राचीन धातूत शोधतात, त्यातूनच संस्कृतचा ‘दह्’ आला. म्हणजे आपला ‘दाह’ हा फोमेंटचा लांबचा भाऊ. एका घरात ऊब, दुसऱ्या घरात जळजळ.

ऊब आणि जळजळ यांच्यातली रेघ शरीरातही आहे. शेकाने त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त खेळतं, आखडलेले स्नायू सैलावतात. पण त्वचेखालच्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसपुढे गेलं की ते उघडतं आणि मेंदूला कळतं, भाजतंय. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ते शोधलं, तेही मिरचीतल्या तिखट द्रव्याचा माग काढताना, कारण तिखटानेही हेच दार उघडतं. ठेचा ‘जाळतो’ असं आपण म्हणतो ते चेतातंतूंच्या लेखी शब्दशः खरं आहे. २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. पाय नुकताच मुरगळला असेल तर पहिले एक-दोन दिवस शेक टाळून बर्फ लावायला सांगतात, तेही याच हिशेबाने : ताज्या दुखण्यात वाढलेलं रक्त सूज आणखी वाढवू शकतं. तिथे शेक खरोखरच फोमेंट करतो, नव्या अर्थाने.

मराठीतल्या ‘शेकणं’चीही वाट थोडी वाकडी झाली आहेच. ‘प्रकरण त्याला चांगलंच शेकलं’ म्हणताना कुणाच्या गुडघ्याला आराम पडलेला नसतो. फरक एवढाच, की इंग्रजीतला धग देणारा दुसऱ्यांना पेटवतो, आणि मराठीत ज्याने उद्योग केला त्यालाच चटका बसतो. आपल्या भाषेचा हा न्याय मला आवडतो.

हे सगळं भाचीला सांगेपर्यंत स्वयंपाकघरात तवा तापला होता. तिने ओव्याची पुरचुंडी तव्यावर दाबली आणि थेट गुडघ्याकडे नेली. आईने मध्येच तिचा हात धरला, पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवली आणि म्हणाली, ‘थांब गं, अजून चटका आहे.’