जारच्या प्लांटचं वेस्ट पाणी आणि समुद्रात सोडलेलं ब्राइन

उन्हाळ्यात मराठवाड्यात टँकर फिरू लागले की एक मागणी हमखास निघते: समुद्राचं पाणी गोडं करा अन् इकडं आणा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून ती कुणाला फार अवघडही वाटत नाही. मागं उरणाऱ्या खाऱ्या पाण्याचं काय, असं विचारलं की उत्तर मिळतं, "जारवाल्याचं वेस्ट पाणी नालीत जातं, तसं ते समुद्रात जाईल. मीठ समुद्राचंच, समुद्रालाच परत."

दोन्हीकडं आरओच, म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळायची पद्धतच वापरतात, म्हणून ही गल्लत होते. पण उरणारं पाणी फार वेगळं.

बोअरच्या पाण्यात लिटरमागं समजा 1200 मिलिग्रॅम क्षार आहेत. अर्धं पाणी गाळून घेतलं की उरलेल्यात ते 2400च्या आसपास जातात. प्लांटमागं नालीच्या कडेला पांढरा थर धरतो, तो याचाच. समुद्राच्या पाण्यात मुळातच 35,000 मिलिग्रॅम क्षार असतात. त्यातलं अर्धं गोडं करून घेतलं तर मागं 70,000चं पाणी राहतं. हेच ब्राइन.

ब्राइन जड असतं. तसंच सोडून दिलं तर ते लगेच मिसळत नाही. तळाला बसतं आणि उतार मिळेल तिकडं पसरत जातं. त्याच्यावरचं पाणी आणि खालचं पाणी असे थर पडतात, मग खाली ऑक्सिजन नीट पोचत नाही. मासा पोहून लांब जाईल. शिंपले, वाळूतल्या अळ्या, सागरी गवत कुठं जाणार? भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया हे गवत खारेपणा थोडा वाढला तरी खंगतं, आणि त्याच गवतात कितीतरी माशांची पिल्लं वाढतात. शिवाय ब्राइनसोबत पडद्यावर क्षार बसू नयेत म्हणून घातलेली रसायनंही जातात. पाणी आत ओढतानाच अंडी-पिल्लं मरतात, ते वेगळंच.

म्हणजे मीठ समुद्राचंच, हे खरं. पण ते एका पाइपाच्या तोंडाशी गोळा होतं, इजा तिथं होते. म्हणून चांगल्या प्रकल्पात ब्राइन अनेक तोंडांतून जोरात, तिरकं वर फवारतात. कॅलिफोर्नियाचा 2015चा नियम सांगतो की सोडल्या जागेपासून 100 मीटरपुढं खारेपणा लिटरमागं साधारण 2 ग्रॅमहून जास्त वाढता कामा नये.

जारच्या प्लांटचं दुखणं उलटं आहे. समुद्रात पाण्याला तोटा नाही. इथं आधीच खोल गेलेल्या बोअरमधून उपसलेलं पाणी वाया जातं. त्यातलं नायट्रेट, कुठं फ्लोराइड, घट्ट होऊन मागं राहतं. काही जण हे पाणी शोषखड्ड्यात सोडायला सांगतात. मला तो सल्ला अगदी चुकीचा वाटतो, कारण बेसाल्टच्या भेगांतून ते त्याच बोअरला जाऊन मिळू शकतं. फरशी पुसा, गाड्या धुवा, संडासाला वापरा. काळ्या रानात मात्र रोज सोडू नका, जमीन चोपण होते, म्हणजे क्षारांनी कडक अन् नापीक बनते.

ब्राइनचा असा काहीच घरगुती उपयोग नाही. त्यामुळं समुद्राचं पाणी मागताना पाइपाचं तोंड कुठं उघडणार, तिथं तळाला काय जगतं आणि खारेपणा मोजणार कोण, हे तीन प्रश्न आपणही मागणीतच घालायला हवेत.