जार्स ऑफ क्ले

जार्स ऑफ क्ले : ख्रिस्ती आशयाचे पर्यायी (ऑल्टरनेटिव्ह) रॉक वाजवणारा अमेरिकन बँड. स्थापना १९९३, ग्रीनव्हिल महाविद्यालय, इलिनॉय. डॅन हॅझेलटाइन (गायन), चार्ली लॉवेल (पियानो, कीबोर्ड), स्टीफन मेसन आणि मॅट ओडमार्क (गिटार) हे चार कायमचे सभासद. ड्रम आणि बास वाजवणारे मात्र नेहमी बाहेरून घेतलेले असत. बँडच्या ध्वनीचे वळण बरेचसे या उणिवेतून ठरले.

नाव : करिंथकरांस दुसरे पत्र, ४:७ या वचनावरून हे नाव घेतले आहे. आपली ठेव मातीच्या भांड्यांत आहे, ती अशासाठी की सामर्थ्य देवाचे आहे, भांड्याचे नव्हे, हे कळावे, असा पौलाच्या म्हणण्याचा आशय. आता हे शब्द कोणत्या इंग्रजी भाषांतरातले? १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत या जागी ‘अर्दन व्हेसल्स’ आहे. ‘जार्स ऑफ क्ले’ हा शब्दप्रयोग न्यू इंटरनॅशनल व्हर्जनचा. तिचा नवा करार १९७३ मध्ये आणि संपूर्ण बायबल १९७८ मध्ये निघाले. म्हणजे नाव ठेवणारे विद्यार्थी नव्या भाषांतरावर वाढलेल्या पिढीचे. मूळ ग्रीक ‘स्केउओस’ हा शब्द कोणत्याही भांड्याला चालतो, त्यात बरणीचा किंवा रांजणाचा आकार नाही. त्यामुळे मराठी बायबलातील ‘मातीची भांडी’ मुळाला अधिक जवळची. पहिल्या अल्बमच्या शेवटी, मागच्या यादीत न छापलेले ‘फोर सेव्हन’ हे गाणे येते, ते याच वचनाचा क्रमांक सांगते.

उदय : ग्रीनव्हिल हे सेंट लुइसच्या पूर्वेस सुमारे ८० किमी. वरील लहान गाव. महाविद्यालय फ्री मेथडिस्ट परंपरेतले, आणि तेथे समकालीन ख्रिस्ती संगीत हा रीतसर अभ्यासक्रम होता. पहिल्या चौघांत ओडमार्कच्या जागी मॅट ब्रॉनलीव्ही होता. ‘फ्रेल’ ही नमुना ध्वनिफीत पाठवून बँडने एप्रिल १९९४ मध्ये नॅशव्हिलची गॉस्पेल म्युझिक असोसिएशनची नवोदितांची स्पर्धा जिंकली. ध्वनिमुद्रण कंपन्यांचे फोन सुरू झाल्यावर ब्रॉनलीव्ही शिक्षणासाठी मागे राहिला (पुढे तो नॅशव्हिलमध्ये निर्माता म्हणून नावारूपास आला) आणि लॉवेलचा जुना मित्र ओडमार्क आला. करार इसेन्शियल रेकॉर्ड्सशी झाला.

पहिला अल्बम व त्याची घडण : बँडचेच नाव असलेला हा अल्बम ऑक्टोबर १९९५ मध्ये आला. ‘लिक्विड’ आणि ‘फ्लड’ या दोन गाण्यांची निर्मिती किंग क्रिमसनचा गिटारवादक एड्रियन बेल्यू याने केली, बाकीची बँडने स्वतः. घटक तीनच : अकूस्टिक गिटारी, यंत्रावर रचलेले ड्रम-लूप आणि तंतुवाद्ये. ‘लिक्विड’ला मठांतल्या एकसुरी गायनाची जोड आहे.

लूप म्हणजे एक-दोन आवर्तनांचा ठेका, जो यंत्र न थकता परत परत वाजवते. ड्रमर नसलेल्या विद्यार्थ्यांना ती सोय होती, पण तिची किंमत असते. गिटार वाजवणाऱ्याचा हात कडव्यात किंचित मागे रेंगाळतो आणि ध्रुवपदाला पुढे धावतो. लूप मात्र जागचा हलत नाही. म्हणून ध्वनिमुद्रणात आधी लूप, त्यावर गिटार आणि मग आवाज हा क्रम सोयीचा. उलट केल्यास दोन-तीन कडव्यांत ठेका आणि गिटार यांची फारकत ऐकू येते. मंचावर अडचण वाढते. तेथे ड्रमरला कानातल्या ‘क्लिक’वर (लूपची लय सांगणाऱ्या टिकटिकीवर) वाजवावे लागते, आणि तो एक मात्रा चुकला तर लूप त्याच्यासाठी थांबत नाही, सगळ्यांनी निमूटपणे यंत्राकडे परतावे लागते. दौऱ्यांत ही जागा स्कॉट सॅव्हेज, जो पोर्टर आणि नंतर जेरेमी लुटिटो यांनी सांभाळली; बासवर दीर्घकाळ एरन सँड्स.

‘फ्लड’मध्ये अकूस्टिक गिटारच तालवाद्यासारखी झोडपली आहे. मध्यंतरात ठेका ओसरतो, तंतुवाद्ये आणि आवाजांचे थर उरतात, आणि मग सगळे एकदम परत कोसळते. शब्दांत पाऊस, चिखल, चाळीस दिवस आणि ‘मला वर उचल’ एवढीच याचना. देवाचे नाव एकदाही येत नाही. बायबल जाणणाऱ्याला नोहाचा जलप्रलय दिसतो, न जाणणाऱ्याला बुडणारा माणूस.

दोन बाजार : हीच दुहेरी ओळख विक्रीत कामी आली. अमेरिकेत ख्रिस्ती संगीत तेव्हा मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकले जाई, आणि साउंडस्कॅनच्या विक्रीमोजणीत ती दुकाने आली १९९५ मध्ये. इसेन्शियलने त्या दुकानांत माल पोचवला. इसेन्शियल ज्या झोम्बा समूहातली, त्याच समूहातल्या सिल्वरटोन कंपनीने ‘फ्लड’ सर्वसाधारण रॉक नभोवाणी केंद्रांकडे नेले. गाणे बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत १२ व्या आणि हॉट १०० मध्ये ३७ व्या क्रमांकापर्यंत गेले. ख्रिस्ती केंद्रांवर मात्र त्याच अल्बममधले ‘लव्ह साँग फॉर अ सेव्हियर’ हे उघड भक्तिगीत टिकून राहिले. अल्बमला दुहेरी प्लॅटिनम (२० लाख प्रती) मान्यता मिळाली. बँडने स्टिंग या इंग्लिश गायकाच्या मैफलींत आधीचा कार्यक्रमही केला.

काही अभ्यासक बँडला ‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ या सौम्य वर्गात घालतात, आणि पर्यायी रॉकचा मान डॅनियल एमॉस, सेव्हंटी सेव्हन्स, द क्वायर या आधीच्या कॅलिफोर्नियातील बँडना देतात. क्रमाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण वर्ग ध्वनीवरून ठरवायचा तर पहिला अल्बम आणि २००६ चा ‘गुड मॉन्स्टर्स’ हे दोन तरी पर्यायी रॉकमध्येच मोडतात.

‘मच अफ्रेड’ (१९९७) : दुसरा अल्बम, निर्माता स्टीफन लिप्सन. बिलबोर्ड २०० मध्ये थेट ८ व्या क्रमांकावर प्रवेश, आणि पहिले ग्रॅमी. ‘फ्रेल’ हे नमुना फितीवर केवळ वाद्यसंगीत होते. येथे त्याला शब्द मिळाले. शीर्षकाचे मूळ सहसा हॅना हर्नार्ड यांच्या विसाव्या शतकातील रूपककथेच्या नायिकेत दाखवतात. तथापि हे नाव त्याहून जुने : जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’च्या दुसऱ्या भागात डिस्पॉन्डन्सी (निराशा) या पात्राची मुलगी मच-अफ्रेड (फार भ्यालेली) येते, आणि ती मृत्यूची नदी गात गात पार करते, पण काय गाते ते कोणाला कळत नाही. (हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ म्हणून मराठीत आणलेला ग्रंथ तो हाच.) हर्नार्डमार्गे बनियन, असा प्रवास मानणे सयुक्तिक वाटते.

पुढील अल्बम : ‘इफ आय लेफ्ट द झू’ (१९९९, निर्माता डेनिस हेरिंग) आणि स्वतः निर्मिलेला ‘द इलेव्हन्थ अवर’ (२००२) यांनाही ग्रॅमी मिळाले. ‘हू वी आर इन्स्टेड’ (२००३) लोकसंगीताकडे झुकतो. ‘रिडेम्प्शन साँग्ज’ (२००५) मध्ये जुनी स्तोत्रे आहेत, काही ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा या गॉस्पेल गायकवृंदाच्या साथीने. इंग्रजी स्तोत्रांचे शब्द अक्षरगणनेत बांधलेले असतात. ‘कॉमन मीटर’ म्हणजे ८-६-८-६. मोजणी जुळली की शब्द तेच ठेवून चाल बदलता येते. ६-६-६-४ च्या अभंगाला निरनिराळ्या चाली लागतात, तसेच. मात्र आघात जुळले नाहीत तर मोजणी बरोबर असूनही ओळ लंगडते. ‘गुड मॉन्स्टर्स’ (२००६) हा विद्युत गिटारींचा, बहुधा सर्वांत सकस अल्बम.

ब्लड:वॉटर : हॅझेलटाइनच्या २००२ मधील आफ्रिका दौऱ्यानंतर, जेना ली यांच्यासह २००४ मध्ये बँडने आफ्रिकेतील एचआयव्ही आणि पाणी यांवर काम करणारी ही संस्था उभारली. एचआयव्हीबाधिताची प्रतिकारशक्ती क्षीण असते. गढूळ पाण्यातून होणारा अतिसार त्याला जिवावर बेततो आणि पोटात गेलेले औषध टिकत नाही. म्हणून आधी पाणी. १ डॉलरमध्ये एका माणसाचे वर्षभराचे स्वच्छ पाणी, या हिशेबावर १,००० विहिरींचा प्रकल्प मांडला गेला.

उत्तरकाळ : इसेन्शियलचा करार संपल्यावर बँडने ग्रे मॅटर्स हे स्वतःचे लेबल काढले. ‘द लाँग फॉल बॅक टू अर्थ’ (२००९), ‘द शेल्टर’ (२०१०) आणि टकर मार्टिन निर्मित ‘इनलँड’ (२०१३) हे त्यानंतरचे. एप्रिल २०१४ मध्ये हॅझेलटाइनने समलिंगी विवाहाच्या विरोधामागील कारणांविषयी ट्विटरवर उघड प्रश्न विचारले. ख्रिस्ती श्रोत्यांत वाद उठला आणि त्याने स्पष्टीकरण दिले. त्याच वर्षी जुनी गाणी अकूस्टिक रूपात ‘२०’ या अल्बममध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित झाली. हॅझेलटाइनने पुढे मॅथ्यू नेल्सनसह ‘द चोझन’ या येशूच्या जीवनावरील मालिकेला पार्श्वसंगीत दिले.