पार्श्वभूमी : ‘स्टेट ऑफ द मॅप’ आणि तिची विभागीय भावंडं

मे २००६मध्ये चाळीसेक माणसं हातात जीपीएस यंत्रं घेऊन इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर उतरली. शनिवार-रविवार पायी, सायकलवर, गाडीतून ती बेटभर हिंडली. कुणालाही फुकट वापरता येईल आणि चुकलं तर दुरुस्तही करता येईल, असा तिथल्या रस्त्यांचा नकाशा त्यांना हवा होता. ही माणसं ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे स्वयंसेवकांनी मिळून इंटरनेटवर घडवलेल्या जगाच्या खुल्या नकाशाची. त्याच महिन्यात मँचेस्टरमध्येही असाच बेत झाला. दिवसभर भटकायचं, मग एकत्र बसून नोंदी संगणकावर चढवायच्या आणि गप्पा मारायच्या. याला ‘मॅपिंग पार्टी’ म्हणत. आज या चळवळीच्या ज्या विभागीय परिषदा वेगवेगळ्या खंडांत भरतात, त्यांचं मूळ मला या भटकंतीत दिसतं.

ओपनस्ट्रीटमॅप सुरू झालं २००४मध्ये, लंडनला. तेव्हा विद्यार्थी असलेल्या स्टीव्ह कोस्ट यांनी ते उभं केलं. ब्रिटनचे उत्तम नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेकडे होते, पण ते वापरायला परवाना आणि पैसे लागत. आपल्या गल्लीचा नकाशा आपणच काढू, या हट्टातून सगळं निघालं. २००६मध्ये या कामाला आधार देणारी संस्था, ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन, स्थापन झाली आणि जुलै २००७मध्ये मँचेस्टर विद्यापीठात पहिली जागतिक परिषद भरली. नाव ठेवलं ‘स्टेट ऑफ द मॅप’. राष्ट्रप्रमुख ‘देशाची स्थिती’ सांगायला उभे राहतात, त्याची ही थट्टा. थट्टेतलं नाव पुढे इतकं रुजलं की आता ते फाउंडेशनच्या मालकीचं आहे आणि विभागीय परिषदेला ते लावायचं तर रीतसर परवानगी घ्यावी लागते.

नावात ‘जागतिक’पण असलं तरी परिषदेचा मुक्काम कुठे पडत होता, ते मोजून पाहण्यासारखं आहे. मँचेस्टरनंतर लिमरिक, अॅमस्टरडॅम, गिरोना. मग डेन्व्हर, टोकिओ, बर्मिंगहॅम, ब्युनोस आयर्स. २०१५ला खंड. नंतर ब्रसेल्स, जपानमधलं आइझुवाकामात्सु, मिलान आणि २०१९ला हायडेलबर्ग. एकूण बारा परिषदा, त्यांतल्या आठ युरोपात. आफ्रिकेत एकही नाही, दक्षिण किंवा आग्नेय आशियात एकही नाही. ‘ज्याचा परिसर, त्याने तो रेखाटावा’ म्हणणाऱ्या चळवळीच्या दृष्टीने हे जरा अवघडच. मुद्दाम कुणी कुणाला वगळलं असं नाही. सगळं काम स्वयंसेवकांचं, त्यामुळे आयोजनाची तयारी असलेले गट जिथे होते तिथे परिषद गेली. पण विमानाचं तिकीट आणि व्हिसा यांच्या रांगेत कोण अडकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फाउंडेशनने प्रवासासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांतून येऊ शकणारी माणसं मात्र मोजकीच.

वेगळी चूल आधी मांडली ती अमेरिकेने, २०१०मध्ये अटलांटात. यामागे अंतराएवढंच नकाशाचं स्वरूपही होतं. युरोपातल्या मॅपर मंडळींनी कोऱ्या पानापासून सुरुवात केली होती. अमेरिकेत सरकारी माहिती मुळातच सर्वांसाठी खुली, म्हणून तिथल्या जनगणना खात्याची ‘टायगर’ ही रस्त्यांची माहिती २००७-०८मध्ये एकगठ्ठा नकाशात ओतली गेली. पान भरलं, पण वाकडंतिकडं. कुठे रस्ता शेजारच्या ओढ्यात, कुठे अस्तित्वातच नसलेली गल्ली. कोरं पान भरणं आणि भरलेलं पान निस्तरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामात पहिल्याचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही. अमेरिकेची परिषद पुढे इतकी वाढली की २०१५मध्ये ती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरली.

युरोपची गंमत वेगळी. २०११ला जागतिक परिषद डेन्व्हरला गेली, त्या वर्षी युरोपीयांनी व्हिएन्नात आपली भरवली. २०१४ला जागतिक परिषद ब्युनोस आयर्सला गेली, तर कार्ल्सरूहेत युरोपीय परिषद. थोडक्यात, पाहुणे लांब गेले की घरच्या घरी बैठक! यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. उलट, दूरच्या परिषदेला जाणं परवडत नाही ही अडचण त्यांनाही होती, हेच त्यातून दिसतं.

आशियात परिषद उभी राहिली ती आपत्तींच्या अनुभवानंतर. जानेवारी २०१०च्या हैती भूकंपानंतर जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्तोप्रिन्सचा नकाशा काही दिवसांत उभा केला होता. त्यातूनच आपत्तीकाळासाठी काम करणारी ‘हॉट’ ही संस्था नोंदवली गेली आणि तिचं काम इंडोनेशियातही सुरू झालं. नोव्हेंबर २०१३मध्ये फिलिपिन्सला हैयान वादळाचा तडाखा बसला. एप्रिल २०१५ला नेपाळ हादरलं. तिथे काठमांडू लिव्हिंग लॅब्स या स्थानिक संस्थेने शाळा आणि रुग्णालयं आधीच नकाशावर आणून ठेवली होती. बाहेरचे हजारो हात मदतीला आले तेव्हा त्यांना निदान पाया तयार मिळाला. दूर बसून छपरं मोजता येतात, पण ते छप्पर शाळेचं की गोठ्याचं, हे तिथलाच माणूस सांगणार.

जागतिक परिषद भरली नाही त्या २०१५ सालीच जकार्तात आशियाची आणि सांतियागोत लॅटिन अमेरिकेची परिषद झाली. आशियाची परिषद पुढे मनिला, काठमांडू, बंगळुरू, ढाका अशी दरवर्षी एकेका शहरात गेली. २०१७ला कंपालात आफ्रिकेची सुरुवात झाली, २०१९ला ती कोत दिव्हारमध्ये भरली.

या परिषदांमधल्या चर्चेचं एक उदाहरण पुरेसं आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्यांना जे प्रकार लावतात, म्हणजे ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी वगैरे, ती उतरंड ब्रिटिश रस्त्यांवरून आलेली. आता दोन जिल्ह्यांना जोडणारा एकमेव रस्ता कच्चा असेल, पावसाळ्यात बंद पडत असेल, तर त्याला काय म्हणायचं? डांबर नाही म्हणून किरकोळ ठरवावा, तर नकाशावर आख्खा प्रदेश तुटलेला दिसतो. रस्त्याचं महत्त्व पृष्ठभागावरून नव्हे, तो कुणाला कुणाशी जोडतो यावरून ठरवा, अशी आफ्रिकेसाठीची पद्धत स्थानिक मॅपरांनी बसवली. ज्यांच्या भोवती असे रस्ते आहेत, त्यांनाच हा प्रश्न पडतो. गावांच्या नावांचंही तसंच. एकाच गावाला दोन लिप्यांत तीन नावं असली, की ‘मुख्य नाव’ कोणतं, यावर तास तास जातो.

२०२०ची जागतिक परिषद केपटाऊनला ठरली होती, म्हणजे आफ्रिकेतली पहिली. महासाथीने ती ऑनलाइन ढकलली, २०२१चीही तशीच झाली. २०२२ला ती इटलीतल्या फ्लॉरेन्सला भरली, पण २०२३ला पुन्हा खंड पडला. त्या वर्षी कॅमेरूनमधल्या याउंदेत आफ्रिकेची आणि अँटवर्पला युरोपची परिषद मात्र झाली. अखेर २०२४ला जागतिक परिषद नैरोबीला पोचली. २००९मध्ये याच शहरातल्या किबेरा वस्तीत, सरकारी नकाशांवर जवळपास कोऱ्या असलेल्या भागाचा नकाशा तिथल्या तरुणांनी काढला होता.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक परिषद मनिलात भरली, जिथे आशियाची परिषद नऊ वर्षं आधीच होऊन गेली होती. नोव्हेंबरात युरोपीय मंडळी आपल्या परिषदेसाठी स्कॉटलंडमधल्या डंडीला जमली.