लिटल ब्लूस्टेम : लागवड आणि निगा

लिटल ब्लूस्टेम हे उत्तर अमेरिकेतील मूळचे, ठोंबांनी वाढणारे बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव स्किझाकिरियम स्कोपेरियम, कुल पोएसी. ज्वारी, ऊस, वाळा आणि गवती चहा ज्या अँड्रोपोगॉनी गटात मोडतात त्याच गटात हेही येते. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांपैकी बहुतेकांत, कॅनडाच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोच्या उत्तरेकडे ते निसर्गतः आढळते. नेब्रास्काने १९६९ साली आणि कॅन्ससने २०१० साली त्याला राज्याचे अधिकृत गवत ठरवले. बागेतील शोभेचे गवत म्हणून त्याचा प्रसार अलीकडच्या दशकांत वाढला. २०२२ साली तेथील ‘पेरेनियल प्लँट असोसिएशन’ने वर्षाची बहुवर्षायू वनस्पती म्हणून त्याची निवड केली.

आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची नोंद अँड्रोपोगॉन या प्रजातीत झाली होती, पुढे ते स्किझाकिरियममध्ये गेले. या ग्रीक नावाचा अर्थ ‘दुभंगलेले तूस’, तर स्कोपेरियम म्हणजे केरसुणीसारखे. वाळलेला ठोंब पाहिला की दुसरे नाव लगेच पटते. इंग्रजी नावातला निळेपणा मात्र कोवळ्या वयातला. वसंतात बुडाशी चपटे, निळसर फुटवे निघतात, उन्हाळ्यात ठोंब हिरवा-निळा होतो आणि थंडी सुरू होताना तांबूस, नारिंगी, कधी गडद लाल रंगावर येतो. उंची साधारणपणे ६० ते १२० सेंमी. उन्हाळ्याच्या शेवटी बारीक तुरे येतात. बी पिकू लागले की त्यांवरचे पांढरे केस सुटतात आणि तिरप्या उन्हात सगळा ठोंब उजळून निघतो. हा वाळलेला डौल संपूर्ण हिवाळाभर टिकतो. फुलझाडे जमीनदोस्त झालेल्या दिवसांत बागेला आकार देणारे हे गवत आहे आणि माझ्या मते त्याचे खरे मोल याच काळात कळते.

त्याची निगा समजून घ्यायची तर त्याचे मूळ घर आधी पाहावे लागते. अमेरिकेच्या मध्य भागातील उंच गवताच्या प्रेअरी माळरानांवर बिग ब्लूस्टेम, इंडियनग्रास आणि स्विचग्रास यांच्यासोबत हे प्रमुख गवतांपैकी एक होते. त्यातही सखल, ओलसर जागा इतर उंच गवतांनी घ्यायच्या आणि टेकड्यांचे कोरडे उतार, खडकाळ किंवा वाळूमिश्रित पातळ माती लिटल ब्लूस्टेमकडे यायची. नांगराखाली गेलेल्या या माळरानांचा फार थोडा अंश आज उरला आहे. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स भागात खडक वर आलेला असल्याने नांगर फारसा चालला नाही आणि म्हणून तेथे ती बरीच टिकली. तेथील एक पट्टा १९९६ साली राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाला.

या गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो. मुळे दीड मीटर आणि त्याहूनही खोल जातात. त्यामुळे एकदा रुजलेला ठोंब नेहमीचा कोरडा उन्हाळा पाण्यावाचून काढतो. पण ही सहनशक्ती अमर्याद नाही. नेब्रास्का विद्यापीठातील जॉन वीव्हर यांनी चर खणून प्रेअरीतील गवतांची मुळे अभ्यासली होती. १९३० च्या दशकातल्या दीर्घ अवर्षणात त्यांनी पाहिले, की बिग ब्लूस्टेमपेक्षा उथळ मुळे असलेले लिटल ब्लूस्टेम कितीतरी अधिक प्रमाणात मेले. ‘दुष्काळाला दाद न देणारे गवत’ असे सरसकट वर्णन वाचताना हे लक्षात असावे. पहिल्या वर्षी तर पाणी द्यावेच लागते, कारण मुळे अजून वरच्या थरातच असतात.

बागेत या गवताची सर्वांत जास्त तक्रार होते ती लोळण्याची. ऑगस्टपर्यंत ताठ असलेला ठोंब तुऱ्यांच्या वेळी मधोमध फाकतो आणि आडवा होतो. याचा दोष बहुधा माळ्याच्या मायेकडेच जातो. भरपूर शेणखत घातलेली माती, नत्रयुक्त खत, वरचेवर पाणी आणि झाडाची सावली मिळाली की धाटे लांब आणि मऊ होतात. माळरानावर दाटीने वाढणारी शेजारची गवते एकमेकांना आधार देतात आणि अन्नपाण्यासाठी स्पर्धाही करतात. सुपीक वाफ्यात एकटाच लावलेला ठोंब या दोन्हींना मुकतो. म्हणून जागा निवडताना दिवसभराचे ऊन आणि उत्तम निचरा या दोनच गोष्टींबाबत तडजोड करू नये. वाळूमिश्रित, मुरमाड किंवा चुनखडीची हलकी जमीन चालते, नव्हे, तीच बरी. खत घालू नये. भारी चिकणमातीत लावायचेच असेल तर उंचवटा करावा, कारण हिवाळ्यात बुडाशी पाणी साचले की ठोंब कुजतो. आच्छादन पसरताना तेही बुंध्यापासून दूर ठेवावे. दोन ठोंबांत ४५ ते ६० सेंमी अंतर पुरते. मोकळ्या मैदानात एकेकटे ठोंब विखुरण्यापेक्षा सात-आठ ठोंबांचा गट करून मध्ये कमी उंचीची माळरानी फुलझाडे लावली तर ती आधारही देतात आणि गवताचा रंगही खुलवतात.

बियांपासून लागवड सोपी आहे, फक्त धीर हवा. ताज्या बियांत सुप्तावस्था असते. ओलसर थंडीत काही आठवडे गेल्यावर ती मोडते. त्यामुळे उशिरा शरदात उघड्यावर पेरलेले बी हिवाळ्याची थंडी खाऊन आपोआप तयार होते. बी अर्ध्या सेंटिमीटरहून फारसे खोल जाऊ नये, मात्र मातीशी घट्ट टेकलेले असावे. पहिल्या वर्षी वर दिसणारी वाढ इतकी किरकोळ असते की पुष्कळांना पेरणी फसली असे वाटते. त्या काळात रोप मुळे खाली सोडत असते. तणे मात्र याच वर्षी रोपांना दाबून टाकतात, ती काढत राहावे. बी शक्यतो आपल्याच हवामानाच्या पट्ट्यातले घ्यावे. दक्षिणेकडच्या बियांची रोपे उत्तरेत उशिरा फुलतात आणि कडक थंडीत टिकतीलच असे नाही.

बाजारात निवडक वाणही मिळतात. ‘ब्लेझ’ हा १९६७ साली नेब्रास्कातून प्रसारित झालेला वाण मुळात चाऱ्यासाठी आणि कुरणांसाठी होता, पण हिवाळ्यातला लाल रंगही त्याच्या नावात आला. ‘द ब्लूज’ निळाईसाठी आवडता असला तरी चांगल्या मातीत हमखास लोळतो. ‘स्टँडिंग ओव्हेशन’ त्या मानाने ताठ राहतो. सर्व वाण कलमासारखे एकाच रोपाच्या फुटव्यांतून वाढवले जातात असे नाही, काही बियांतूनही येतात, म्हणून विकत घेताना विचारून घ्यावे. निसर्गातल्या विविधतेसाठी लावायचे असेल तर साधे, बियांपासूनचे गवत मला अधिक योग्य वाटते.

रोग-किडींचा त्रास सहसा होत नाही. तांबेरा कधीकधी दिसतो, पण उपाय करण्याइतका क्वचितच. हरणे इतर झाडांच्या मानाने याला कमी तोंड लावतात. उलट काही जिवांसाठी हे गवत गरजेचे आहे. चिमण्यांसारखे छोटे पक्षी हिवाळ्यात त्याचे बी टिपतात आणि अनेक स्किपर फुलपाखरांच्या अळ्या याची पाती खातात. त्यांतले डाकोटा स्किपर २०१४ पासून अमेरिकेच्या कायद्याने संकटग्रस्त मानले गेले आहे. त्याच्या अळ्या गवताच्या बुडाशीच हिवाळा काढतात.

म्हणूनच छाटणी शरदात करू नये. हिवाळा सरताना, नवे फुटवे दिसण्याआधी, ठोंब १० ते १५ सेंमी उंचीवर कापावा. माळरानावर हे काम आगीने आणि बायसन या अमेरिकी रानगव्यांच्या चरण्याने होई, कारण वाढीच्या कळ्या जमिनीलगत सुरक्षित असत. हे उष्ण हंगामाचे, सी-४ या उष्णतेत अधिक कार्यक्षम असलेल्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारे गवत आहे. माती तापल्याशिवाय ते जागे होत नाही. शेजारची झाडे हिरवी झाली तरी ठोंब निपचित दिसेल, तेव्हा मेला म्हणून उपटू नये. काही वर्षांनी ठोंबाचा मधला भाग विरळ झाला तर नव्या फुटव्यांच्या सुरुवातीलाच, वसंतात, तो खणून काढावा, वाळलेला गाभा टाकून द्यावा आणि कडेचे जोमदार तुकडे मुळांसकट लगेच लावावेत. शरदात केलेले विभाजन थंडीआधी मुळे धरत नाही. लावल्यावर नवी मुळे सुटेपर्यंत पाणी द्यावे, नंतर थांबवावे.