जीन सायलेन्सिंगवरचा संशोधक (रिसर्च फेलो / पोस्टडॉक)

जीन सायलेन्सिंग म्हणजे जीन जागेवर असतो पण गप्प असतो, त्याच्यापासून प्रोटीन तयार होत नाही. आपल्या लिव्हरच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच असतो, कुठले जीन चालू आणि कुठले बंद एवढ्यावरच तर लिव्हर हे लिव्हर राहतं. हे बंद करणं चुकलं की आजार होतो, आणि तेच बंद करणं आपल्या हातात आलं की औषध होतं. या दोन्ही बाजूंवर लॅबमध्ये काम करणाऱ्याची ही पोस्ट, जाहिरातीत जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), प्रोजेक्ट असोसिएट, रिसर्च असोसिएट किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) अशा नावांनी येते.

विषयाची सुरुवात फुलांपासून झाली म्हटलं तरी चालेल. १९९० मध्ये अमेरिकेत नॅपोली, लेम्यू आणि जॉर्गेनसेन यांनी पेटुनियाचा जांभळा रंग अजून गडद व्हावा म्हणून रंगाच्या जीनची जादा कॉपी घातली, तर काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली! जादा कॉपीने स्वतःबरोबर मूळ जीनलाही गप्प केलं होतं. असं का होतं याचा मोठा उलगडा १९९८ मध्ये झाला, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटरच्या सी. एलेगन्स या किड्यात स्नायूच्या एका जीनशी जुळणारा दुहेरी, म्हणजे दोन धाग्यांचा, आरएनए टोचला आणि पिल्लं थरथरायला लागली, म्हणजे तो जीन बिघडलेले किडे जसे थरथरतात अगदी तसंच. एकेरी आरएनएने जवळपास काहीच होत नव्हतं. पेशीतलं डायसर नावाचं एन्झाइम दुहेरी आरएनएचे २१ ते २३ अक्षरांचे तुकडे करतं, त्यातला एक धागा आर्गोनॉट प्रोटीन धरून ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए (जीनवरून प्रोटीन बनवायचा निरोप नेणारी कॉपी) शोधून कापून टाकतं. याला आरएनए इंटरफेरन्स म्हणतात, २००६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल यालाच मिळालं.

जीन गप्प करायचा दुसरा रस्ता डीएनएवरच शिक्का मारायचा, म्हणजे मिथायलेशन, डीएनएला मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट लावणं. फ्रॅजाइल एक्स सिंड्रोममध्ये एफएमआर१ जीनच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं २०० पेक्षा जास्त वेळा रिपीट होतात, पेशी त्या भागाला मिथाइल लावते आणि जीन बंद पडतो, मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट म्हणजे यात प्रोटीनची रेसिपी सहसा पूर्ण शाबूत असते, फक्त वाचली जात नाही. कॅन्सरमध्येही असंच, डीएनएच्या चुका दुरुस्त करणारा एमएलएच१ जीन मिथायलेशनने बंद पडला की चुका साठत जातात, आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये हे दिसतं.

आता रोजचं काम. पेशी वाढवायच्या, एसआयआरएनए (वरच्या तुकड्यांसारखाच, पण लॅबमध्ये बनवलेला छोटा दुहेरी आरएनए) आत सोडायचा, दोन-तीन दिवस थांबायचं, मग क्यूपीसीआर या चाचणीने मेसेंजर आरएनए किती उरला आणि वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रोटीनचा पट्टा किती फिका पडला ते बघायचं. मिथायलेशन बघायला बायसल्फाइट हे रसायन वापरतात, त्याने डीएनएमधलं सी हे अक्षर साधं असेल तर बदलून शेवटी टी म्हणून वाचला जातो आणि मिथाइल लागलेला सी तसाच राहतो, बस एवढ्या फरकावर अख्खा नकाशा निघतो. पण खरा वेळ जातो तो कंट्रोलमध्ये, म्हणजे निकाल खरा आहे ना हे पडताळणाऱ्या जोडीच्या प्रयोगांमध्ये. कुठल्याच जीनशी न जुळणारा एसआयआरएनए शेजारी लागतोच, शिवाय त्याच जीनवर वेगळ्या जागी बसणारा दुसरा एसआयआरएनए, आणि शेवटी रेस्क्यू म्हणजे एसआयआरएनएला ओळखता येणार नाही अशी त्या जीनची कॉपी परत घालून पेशी पूर्ववत होते का ते बघणं. एसआयआरएनएचे हे तुकडे अर्धवट जुळणाऱ्या भलत्याच जीनलाही दाबतात, त्यामुळे रेस्क्यू न करता काढलेल्या निष्कर्षावर माझ्या मते फार भरवसा ठेवू नये.

भारतात जेआरएफसाठी साधारणपणे लाइफ सायन्सेस किंवा बायोटेकमध्ये एमएससी आणि नेट किंवा तशी परीक्षा लागते, २०२३ पासून फेलोशिप महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं आहे. पोस्टडॉकला पीएचडी हवीच. पुण्याचं आयसर आणि एनसीसीएस, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, हैदराबादचं सीसीएमबी अशा संशोधन संस्थांत क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रोटीनची गुंडाळी), एपिजेनेटिक्स (डीएनएची अक्षरं न बदलता जीन चालू-बंद होणं) या नावांखालीही जाहिराती बघाव्यात, कारण सायलेन्सिंग हा शब्द टायटलमध्ये असेलच असं नाही.

औषधापर्यंत पोचायला वीस वर्षं लागली. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे पहिलं एसआयआरएनए औषध अमेरिकेत मंजूर झालं, ट्रान्सथायरेटिन नावाचं बिघडलेलं प्रोटीन नसांमध्ये साठण्याच्या आनुवंशिक आजारावर. मग कोलेस्टेरॉलसाठी इनक्लिसिरान आलं, सुरुवातीचे दोन डोस झाले की सहा महिन्यांतून एक इंजेक्शन. ही दोन्ही लिव्हरमधले जीन दाबतात, कारण एसआयआरएनएला गॅलनॅक ही साखर जोडली किंवा चरबीच्या कणात भरलं की तो लिव्हरमध्ये नीट पोचतो. मेंदू, स्नायू, ट्यूमर इथे पोचवणं अजून अवघड आहे, म्हणून हल्ली या पोस्टच्या मुलाखतीला जाताना डिलिव्हरीचं नीट वाचून जावं.