सामाजिक भीती : ‘एकदा ढकलून दिले की धीट होतो’ या समजाविषयी
चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्याला एकदा बळेच व्यासपीठावर उभे केले की त्याची भीड कायमची चेपते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; तो अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. भीतीला सामोरे जाणे हा सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी, संवादातून चालणारी) या मानसोपचारपद्धतीचा गाभा आहेच. मात्र तेथे पायऱ्या रुग्णाच्या संमतीने ठरतात, आणि नजर चुकवणे, वाक्य मनात घोकून मगच बोलणे, थरथर दिसू नये म्हणून पेला दोन्ही हातांनी घट्ट धरणे असे बचावाचे डावपेच जाणीवपूर्वक सोडायला शिकवले जाते. हे डावपेच तसेच राहिले, तर कितीही सभा पार पडल्या तरी ‘थोडक्यात निभावले’ एवढेच मनावर ठसते. (बळजबरीतून बहुधा हेच पदरी पडते.)

सामाजिक भीतीवर साधारण 12 ते 16 सत्रांचा सीबीटी हा उपचार पहिल्या पसंतीचा मानला जातो. सर्ट्रालिनसारखी एसएसआरआय गटातील (नैराश्य आणि चिंतेवर दिली जाणारी) औषधेही उपयोगी पडतात, पण त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करू नयेत. सवय लागण्याचा धोका प्रामुख्याने बेन्झोडायझेपिन गटातील (मन तात्पुरते शांत करणाऱ्या) गोळ्यांचा असतो. सगळीच औषधे एका माळेचे मणी समजणे चुकीचे आहे. भाषणापूर्वी कधीकधी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल धडधड आणि कंप कमी करते, मात्र दम्याच्या रुग्णांना ते चालत नाही.